बुवा अजून उठले नाहीत

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसाल तर डुलकी लागेल, आणि मग म्हणाल, गोदाकाकू फार लांबण लावतात. सतरंजीवर जागा आहे. मी काही बुवा नव्हे. मला गाता येत नाही. पण जन्मभर कीर्तनं ऐकली, त्याचा एवढा गुण लागला आहे की गोष्ट कुठे सुरू करावी आणि कुठे धरून ठेवावी ते कळतं. तर ही गोष्ट आहे शांततेची. आमच्या गावातल्या एका मोठ्या माणसाला ती नकोशी झाली आणि ती कापून टाकायचं काम त्याने माझ्याकडे दिलं. तिथूनच ऐका.

धोंडूमामांनी डबी ट्रस्टच्या टेबलावर आपटली.

“मेली ही.”

“कोण मेली?” बापूसाहेब निरगुड्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

“ही तुमची कीर्तनडबी! काल दुपारी बुवांनी जयजयकार केला आणि जी गप्प झाली ती झालीच. हलवली, ठोकली, उन्हात ठेवली. सुनेने तर चुलीला घालतात तशी फुंकर घातली. शेवटी मी कंटाळून आडवा झालो, डोळा लागतोय तोच पुढचं कीर्तन सुरू! ही किंचाळली की हो.”

“अहो, माझ्याकडेही तीन परत आल्यात,” देवळाचे पुजारी म्हणाले.

ही डबी म्हणजे तळहातावर मावेल एवढं गाणं वाजवायचं यंत्र. आत आमच्या नरहरबुवांची कीर्तनं भरलेली. बुवा जाऊन अडीच वर्षं होऊन गेली होती, आणि बापूसाहेबांना त्यांची आठवण जपायची हुक्की आली होती. डबीवर बुवांचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि बापूसाहेबांचा त्याच्या चौपट, हात जोडलेला. आमचे राममंदिराचे अध्यक्ष. खतांचं दुकान, दोनदा हुकलेली नगरसेवकी, आणि गळ्यात कायम कुणाचा तरी हार. कीर्तनातलं त्यांना काय कळे म्हणाल तर एकच गोष्ट कळे, ती म्हणजे ते कधी संपतं.

मी त्या बैठकीला होते, कारण ती सगळी कीर्तनं आमच्या ह्यांनी रेकॉर्ड केलेली. दत्तोपंत घळसासी. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. गावाला ऐकवायचा उभा माइक वेगळा. पण ह्यांनी बुवांच्या छातीला चिमट्याने लावायचा एक छोटा माइक आणला होता, बिनवायरचा, त्याचा आवाज फक्त ह्यांच्या रेकॉर्डरमध्ये जाई. हेही आदल्या वर्षी गेले. ट्रस्टने मागितली तेव्हा मी सगळी कीर्तनं देऊन टाकली. बुवांचा आवाज माझ्या कपाटात ठेवून मी काय करणार?

“वहिनी,” बापूसाहेब माझ्याकडे वळले, “हे तुमच्या यजमानांचं कर्तृत्व. प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी ही लांबलचक शेपूट. साधं बटण वेळेवर बंद करता येऊ नये माणसाला?”

दोघे-चौघे हसले. मेलेल्या माणसावर हसायला हिंमत लागत नाही.

“बापूसाहेब,” मी म्हटलं, “कीर्तन संपलं की तुम्ही हार वाटत असायचात, तेव्हा ते सुंठवडा वाटत असायचे. हात रिकामे झाले की मग बटण.”

“तेच ते. निस्तरायचं आम्ही.”

“आणि सगळीच काही शेपूट नाही ती. त्यात बुवांचं मौन आहे.”

“काय आहे?”

आता बघा, अध्यक्ष! बारा वर्षं त्या देवळाचे अध्यक्ष, आणि विचारतात, काय आहे.

नरहरबुवांची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या बुवांकडे मी पाहिली नाही. शेवटचा जयजयकार झाला की बुवा जागच्या जागी खाली बसायचे आणि डोळे मिटायचे. म्हणायचे, “इतका वेळ मी बडबडलो. आता त्याला बोलू द्या.” छातीवरच्या त्या छोट्या माइकचं बटण स्वतःच्या बोटाने बंद करायचे. “त्याला माइक लागत नाही.” मग सगळं देऊळ गप्प. तान्ही पोरंसुद्धा का कोण जाणे गप्प बसत. बुवा जमिनीला डोकं टेकून उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा आमचा नेम. हातातली फुलं घामेजायची, पायाला मुंग्या यायच्या, पण बुवा उठले नाहीत म्हणजे कीर्तन संपलं नाही. बापूसाहेबांना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. जयजयकार झाला रे झाला की ते चपला घालून पाहुण्यांना चहाला घेऊन जात.

हे सगळं मी थोडक्यात सांगितलं. ते ऐकून बापूसाहेब समजूतदारपणे हसले. त्यांचं ते हसू मला अगदी ओळखीचं आहे. खतात माती निघाली म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे बघून ते तसंच हसतात.

“वहिनी, मौन देवळात. डबीत मौन म्हणजे बिघाड. देणगीदारांना काय मी शांतता देऊ? दिलावरकडे बसा, सगळ्या शेपट्या कापून घ्या. पाडव्याला नव्या डब्यांचं प्रकाशन. बुवांच्या शेवटच्या कीर्तनाचा समारोप सगळ्यांना ऐकवायचा, जयजयकार झाला की लगेच आपला श्रीरंग माइक हातात घेईल. आणि मी घोषणा करीन.”

“कसली?”

“रामजन्माचं कीर्तन ह्यापुढे कायमचं श्रीरंगाकडे. ठराव तयार आहे.”

श्रीरंग म्हणजे त्यांचा पुतण्या. फलकावर ‘युवा कीर्तनरत्न’. हे रत्न कोणत्या खाणीतून निघालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. पेटीऐवजी सिंथेसायझर, अंगावर चमचमणारा अंगरखा, आणि कौसल्येच्या डोहाळ्यांना लग्नाच्या वरातीची चाल. गळा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षं तो रामजन्माला उभा राहत होता आणि दोन्ही वर्षी पाळणा हलला तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. कीर्तनात माझे डोळे कोरडे राहिले, तर दोष डोळ्यांचा नसतो.

त्या जागी उभी राहायला हवी होती अनसूया, बुवांची लेक.

घरी जाताना मी तिच्या बालवाडीशी थांबले. पोरं गेली होती, ती चटया गुंडाळत होती. चाळिशी उलटलेली, एकटी, बापासारखंच रुंद कपाळ. लहानपणापासून बुवांच्या मागे झांज घेऊन उभी राहिलेली. आख्यानं तोंडपाठ, पदं तोंडपाठ. बुवांचा श्वास कुठे तुटणार हेसुद्धा तिला आधी कळायचं आणि ती तिथे सूर भरायची.

“अनू, दिलावरकडे येतेस? बाबांची कीर्तनं नीट लावायची आहेत. कुठलं आख्यान कुठल्या दिवसाचं, ते तुझ्याइतकं कुणाला सांगता येईल?”

“नको काकू.”

“अगं, नुसतं ऐकायचं आहे.”

“तेच नको.” तिने चटई भिंतीला लावली. “बाबांचा आवाज ऐकला की मला एकच विचारावंसं वाटतं. मी इतकी वाईट होते, तर मला का नाही सांगितलंत? बापूसाहेबांना कशाला सांगितलंत?”

बुवांच्या तेराव्याला बापूसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, बुवांची शेवटची इच्छा अशी की रामजन्माचं आसन श्रीरंगाकडे जावं. अनूला झेपणार नाही, असं बुवा म्हणाले. त्या दिवसापासून पोरीने झांजेला हात लावला नव्हता. भूपाळीसुद्धा नाही. बुवांच्या घरावरून गेलं की पहाटेची शांतता अंगावर यायची, आणि ती मौनाची नव्हती.

“तोंडावर बोलले असते ना काकू, तर चाललं असतं. मी आणखी शिकले असते.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले.

दिलावर मुल्लाचं लग्नाचे व्हिडिओ करायचं दुकान बाजारात. काचेत नवऱ्या-नवरींचे फोटो, सगळ्या सारख्याच गोऱ्या. माणूस पन्नाशीचा, जिभेने तिखट, हाताने मऊ.

“या मावशी. रामाच्या शेपट्या कापायच्या म्हणे?”

“रामाला शेपूट नव्हती रे. हनुमंताला होती.”

“मग तर जपून कापाय पाहिजे. मागल्या टायमाला त्या शेपटीनं लंका जळाली.”

त्याने मला खुर्ची दिली, कानाला ते मोठे हेडफोन चढवले, आणि पडदा दाखवला. आवाजाची रेघ असते बघा, डोंगरासारखी वरखाली. बुवा गात तिथे उंच, बोलत तिथे टेकड्या, आणि शेवटी सपाट, धान्य काढून नेलेल्या शेतासारखी.

“हे सपाट आहे ना, ते उडवायचं. मशीनला सांगायचं, ते शेवटाकडनं मागं मागं बघत येतं. पयला आवाज लागला की तिथं थांबतं, आणि त्याच्या पुढचं सगळं कापून फाईल बाहेर काढतं. झालं.”

“आणि मौन?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मावशी, तुमी म्हणाल तेवढं मौन मी मशीनच्या नकळत ठेवतो. लोकांनी डबी आपटू नये एवढं कमी, आणि बुवांनी रागावू नये एवढं जास्त.”

ह्याला म्हणतात अक्कल. ट्रस्टच्या अख्ख्या बैठकीत ती शोधून सापडली नव्हती, ती बाजारातल्या ह्या दुकानात होती.

आम्ही एकेक कीर्तन घेत गेलो. मशीन मागून बघत येई, जयजयकाराच्या शेवटच्या झांजेपाशी थांबे, आणि शेपूट गळून पडे. दिलावर त्याला चिमूटभर शांतता परत जोडी. असं करत शेवटच्या कीर्तनापाशी आलो. रामजन्म, बुवांचा शेवटचा. त्यानंतर श्रावणात ते गेले.

दिलावरने बटण दाबलं. शेपूट जशीच्या तशी.

“काय झालं रे?”

“थांबा.” पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. “मशीन काप म्हणलं तरी कापंना. शेवटाला कायतरी आहे मावशी. आवाज आहे म्हणून ते तिथंच अडतंय.”

“भांड्याबिंड्याचा असेल.”

“असंल. हातानं कापू?”

माझ्या तोंडावर आलं होतं, काप. पण बुवा अजून उठले नव्हते ना. जयजयकार झाला होता, रेघ सपाट झाली होती, म्हणजे माझ्या हिशेबी बुवा डोळे मिटून बसले होते. आणि मी आधी उठले असं आयुष्यात कधी झालेलं नाही.

“नको,” मी म्हटलं. “बसू या.”

दिलावरने दुसरे हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. आम्ही बसलो. बाजारातला आवाज बंद, पंख्याचा आवाज बंद, नुसती शांतता. मग खट् असा आवाज आला.

पुढे काय ऐकलं ते आत्ता सांगत नाही. बुवा म्हणायचे, राजा सभेत येण्याआधी त्याचा मुकुट दाखवू नये. एवढंच सांगते की ते संपलं तेव्हा माझा पदर ओला झाला होता, आणि दिलावर उठून बाहेर गेला आणि उगाचच शटरला तेल घालून परत आला.

“मावशी,” तो म्हणाला, “कापू?”

“बाकी सगळं काप. ह्याला हात लावशील तर याद राख.”

“सायेब विचारतील.”

“सांग, मशीनला सगळं कापायला सांगितलं होतं. मशीनने ऐकलं नाही तर तुझा काय दोष?”

पण माझा स्वभाव वाईट. माणूस कितीही हलका असला तरी त्याला एक संधी द्यावी असं वाटतं. कीर्तनात वाल्यालासुद्धा मिळते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापूसाहेबांच्या दुकानात गेले. युरियाच्या वासात ते लोडाला टेकून बसले होते.

“झालं का कापून?”

“होतंय. एक विचारायचं होतं. बुवा तुम्हाला नक्की काय म्हणाले होते हो? त्या श्रीरंगाबद्दल?”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, लाज वाटली. कसली लाज! ते आठवणीच्या मुद्रेत जात होते.

“वहिनी, काय सांगू! बुवांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, बापूसाहेब, माझं आसन श्रीरंगाच्या हवाली करतो. अनू माझी लेक, पण तिला झेपायचं नाही.”

तेराव्याला हात हातात घेतला नव्हता. डोळ्यांत पाणीही नव्हतं. आता दोन्ही आलं होतं. पाणी घातलं की खोटंही वाढतं. तो माणूस स्वतःचं खोटं इतक्यांदा बोलला होता की खरं काय घडलं ते त्याच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

“कुठे म्हणाले?”

“देवळातच. शेवटच्या कीर्तनानंतर. पाहुणे खोळंबले होते म्हणून मी त्यांना बोलवायला आत गेलो. बाकी सगळे अंगणात तुमच्या ह्यांच्या सुंठवड्यावर तुटून पडलेले. आत आम्ही दोघंच.”

“म्हणजे दुसरं कुणी ऐकलं नाही.”

“रामाने ऐकलं!” ते म्हणाले. “त्यांच्या छातीवरचा तो माइकसुद्धा मीच काढला. बटणसुद्धा आठवणीने बंद केलं. तुमच्या यजमानांसारखं नाही, काय?”

“खरं आहे,” मी म्हटलं. “त्यांच्यासारखं नाहीच.”

आणि मी उठले. वाल्याने निदान विचारलं तरी होतं, माझ्या पापाचे वाटेकरी कोण. ह्यांना पापच आठवत नव्हतं.

पाडव्याला संध्याकाळी ऊन उतरत असताना देऊळ भरलं. व्यासपीठावर बापूसाहेब, शेजारी कुठलेसे पाहुणे, टेबलावर नव्या डब्यांची रास. श्रीरंग बाजूला सिंथेसायझरपाशी, अंगरख्यावर आरसे लावलेले; दिवा लागला की छतावर ठिपके नाचत. अनसूयेला मी हाताला धरून आणलं होतं. ती दाराशी, चपलांच्या जवळ बसली. “जरा पुढे ये,” म्हटलं तर मान हलवली.

बापूसाहेबांनी भाषण केलं. भाषणात राम दोनदा आला, बुवा तीनदा, आणि स्वतः बापूसाहेब कितीदा ते मोजायला माझ्या माळेतले मणी पुरले नसते. मग ते म्हणाले, “आता ऐका, बुवांच्या अखेरच्या रामजन्माचा समारोप. दिलावर, लाव.”

दिलावरने लावलं.

काय सांगू तुम्हाला! कर्ण्यांतून बुवांचा आवाज आला आणि देवळातली माणसं सरसावून बसली. थकलेला आवाज, कडेला थोडा फाटलेला, पण जन्म झाला म्हणून सांगताना असा उजळला की जणू दारातून आत्ताच कुणी बातमी घेऊन धावत आलं आहे. मागे झांज. अनूची. मग जयजयकार, तोही त्यांच्याबरोबर इथल्या सगळ्यांनी केला, त्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा एकात एक मिसळून.

आणि मग शांतता.

बापूसाहेब हसतमुखाने उठले, त्यांनी माइक ओढला. “तर मंडळी...”

“शू!” पुढच्या रांगेतून धोंडूमामांची बायको म्हणाली.

“अं?”

“बुवा अजून उठले नाहीत.”

त्यांनी समोर पाहिलं. सगळं देऊळ मान खाली घालून बसलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पुजाऱ्यांनी घंटा धरून ठेवली होती. डबी आपटणारे धोंडूमामासुद्धा डोळे मिटून. दोन वर्षांत ह्या लोकांना कुणी मौनाला बसवलं नव्हतं, श्रीरंगाला वेळच नसे. आणि आज ते तहानलेल्या गुरांसारखे तिथे खाली वाकले होते.

“दिलावर,” बापूसाहेब दातांतून म्हणाले, “ते कापायला सांगितलं होतं ना? बंद कर.”

“मशीन अडलंय सायेब.”

“श्रीरंग, तू सुरू कर रे!”

श्रीरंगाने एक सूर दाबला. चारी बाजूंनी अशा नजरा वळल्या की त्याने बोट उचललं. बापूसाहेब उभेच. बसले असते तर मौनात सामील झाल्यासारखं दिसलं असतं, आणि बोलले असते तर मार खाल्ला असता. असा तो मोठा माणूस स्वतःच्या समारंभात खांबासारखा उभा राहिला.

मग खट् झालं.

“थांबा बुवा, हे बंद करतो मी,” कर्ण्यांतून बापूसाहेबांचा आवाज आला.

आता कळलं? बुवांनी मौनाला बसतानाच बटण बंद केलं होतं. जो माणूस उभ्या जन्मात एकदाही मौनाला बसला नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? त्याने बंद म्हणून जे दाबलं, ते चालू झालं.

“बापूसाहेब, बरं झालं आलात,” बुवांचा आवाज, अगदी जवळून, घरात बोलतात तसा. “पुढच्या रामनवमीला मी असेन, नसेन. जन्माला अनूला उभी करा.”

“अनूला? बाईमाणूस? जन्माच्या कीर्तनाला? लोक काय म्हणतील बुवा?”

“जन्म कौसल्येच्या पोटी झाला हो. ट्रस्टच्या बैठकीत नाही झाला.” बुवा हसले, हसताना खोकले. “तिची तयारी माझ्याहून चांगली आहे. तिला मी सांगितलेलं नाही, अजून थोडी राबू दे म्हणून. पण आज पाळणा म्हणताना माझा श्वास तुटला, तिथे तिने सूर धरला, तुम्ही ऐकलंत ना?”

“हो हो, ऐकलं की.”

“कुणाला कळलंसुद्धा नाही. माझं काम झालं.”

“आमचा श्रीरंग पण आहे बरं का बुवा.”

“गुणी आहे. तिच्या मागे दोन वर्षं झांज धरू दे त्याला. गळा आहे, धीर नाही. देता शब्द?”

“दिला, दिला. चला आता, पाहुणे खोळंबलेत.”

पावलं लांब गेली. मग कुणाचा तरी सुंठवडा मागणारा आवाज, हसणं, भांड्याची खडखड. देवळात कुणी हललं नाही. आणि अगदी शेवटी, माइक उचलल्याची खरखर, आणि आमचे हे:

“अरेच्चा! हे चालूच राहिलं की. आता गोदा ओरडणार.”

खट्.

मी दिलावरच्या दुकानात हे एकदा ऐकलं होतं, तरी पुन्हा पदर तोंडाशी धरला.

पहिल्यांदा बोलले बापूसाहेबच. बोलणारच. “हे... हे बनावट आहे! आजकाल कंप्यूटरवर काहीही बोलवता येतं. दिलावर, तुझी ही करणी!”

“सायेब,” दिलावर म्हणाला, “मी लग्नातला नवरा गोरा करून देतो. बुवांना बोलतं करायची करणी मला जमत असती, तर मी हितं वायरी गुंडाळत बसलो असतो काय?”

देऊळ हसलं. एका दमात, मोठ्याने हसलं. ज्या माणसाने आयुष्यभर टाळ्यांवर गुजराण केली त्याला हसू किती लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहुणे घड्याळाकडे बघू लागले. ठरावाचा कागद बापूसाहेबांनी खिशात घातला, तो काही बाहेर आला नाही. श्रीरंग उठला. काकांकडे बघून म्हणाला, “शब्द दिला होतात?” काका पाहुण्यांकडे वळले, तेव्हा त्याने वाकून सिंथेसायझरची वायर काढली. तेवढ्यापुरता मला तो पोरगा आवडला. पुढे तो मोठ्या गावी गेला, मंगल कार्यालयांतून त्याची कीर्तनं होतात, गर्दी म्हणे मावत नाही. असो. मावू नये.

मी दाराकडे पाहिलं. अनसूया रडत नव्हती. चपलांच्या मध्ये ताठ बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकलं तर पाळणा. बुवांचा श्वास जिथे तुटला होता, त्या जागेपासून पुढे.

रामनवमीला भर दुपारी ती उभी राहिली. साधं जरीकाठी लुगडं, कपाळाला बुक्का, आणि छातीला ह्यांचाच तो माइक, दिलावरने नवा सेल घालून दिलेला. बापूसाहेबांच्या अंगात ताप होता. लोकांनी त्यांची बरीच आठवण काढली, कशी ते सांगत नाही. जन्म झाला, गुलाल उधळला, पाळणा हलला, आणि दोन वर्षांचं साठलेलं सगळं पाणी मी तिथे वाहून टाकलं. मग जयजयकार करून ती खाली बसली. डोळे मिटले. बोट छातीशी गेलं आणि बटण बंद झालं.

अजून दर वर्षी ती उभी राहते. त्या मौनाला मी बसते तेव्हा रामाचं म्हणणं मला काही ऐकू येत नाही, एवढी माझी पुण्याई नाही. मला ऐकू येतं ते भांड्याची खडखड आणि “अरेच्चा!”

तुम्हीही कधी कुठल्या कीर्तनाला बसाल. शेवटी सगळं गप्प होईल आणि उठायची घाई होईल. तेव्हा अंमळ बसा, आणि दत्तोपंत घळसासींची आठवण काढा. सुंठवडा वाटता वाटता ज्यांना बटण बंद करायचं कधीच सुधरलं नाही, ते.